एक जूनची माणसे

दर वर्षी १ जूनची सकाळ उजाडली की आमच्या महाविद्यालयातील सहकाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप समूहावर शुभेच्छांचा वर्षाव सुरू होतो. मृगाचा पाऊस अद्याप आठवडाभर दूर असतो. हा पाऊस मात्र न चुकता वेळेवर येतो. ग्रंथालयातील परिचर, प्रयोगशाळेतील सहायक, लेखा विभागातील मुख्य लिपिक, दोन निवृत्त प्राध्यापक अशा सात-आठ जणांचा वाढदिवस एकाच दिवशी! एखाद्या परक्या माणसाने ही यादी पाहिली तर महाराष्ट्रात मुले जन्माला येण्यासाठीही मुहूर्त पाहिला जातो की काय, अशी शंका त्याला यावी. परंतु ज्यांनी शाळेत शिकविले आहे किंवा कचेरीत सेवापुस्तके हाताळली आहेत त्यांना यातील गुपित नव्याने सांगण्याचे कारण नाही.

ही जन्मतारीख आईने दिलेली नाही, गुरुजींनी दिलेली आहे. शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होई. बाप मुलाचे बोट धरून दारात उभा राही. 'केव्हाचा जन्म?' या प्रश्नाला 'आता कसं सांगावं, गुरुजी? थोरल्या बैलजोडीच्या खरेदीनंतरचा' अशा थाटाचे उत्तर मिळे. गुरुजी मुलाकडे एकवार निरखून पाहत, त्याचा उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला पोचतो की नाही याची परीक्षा घेत, सहा वर्षे मागे मोजत आणि रजिस्टरात १ जून ही तारीख मांडून मोकळे होत. त्या एका टाकाच्या फटकाऱ्यासरशी एक माणूस राज्याच्या हिशेबात जन्माला येई.

आज हीच तारीख खिशातील मोबाइलमध्ये जाऊन बसली आहे आणि ती दर वर्षी आपणास आठवण करून देते. यंत्राला स्मरण आहे. पण त्याने जे स्मरले ते घडलेलेच नव्हते! विनोद म्हणून ही गोष्ट सोडून देता आली असती. परंतु तारीख, तारखेचे महत्त्व आणि ती लक्षात ठेवणारी रोजच्या वापरातील साधने यांच्या परस्परसंबंधाविषयीचा एक गंभीर प्रश्न तिच्यात दडलेला आहे असे मला वाटते, आणि तो माझ्याच घरात मला भेटला म्हणून हा लेखनप्रपंच.

हिशेबाची तारीख

प्रथम हे मान्य केले पाहिजे की, गुरुजींची ती तारीख खोटी असली तरी निरुपयोगी नव्हती. किंबहुना आधुनिक समाजाचे सारे व्यवहार अशा तारखांवर चालतात. ज्याची जन्मतारीख महिन्याची पहिली असते तो कर्मचारी आदल्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी निवृत्त होतो, असा सेवानियम आहे. त्यामुळे ३१ मे या दिवशी महाराष्ट्रातील सरकारी कचेऱ्यांत निरोपसमारंभांची दाटी होते. पन्नास-साठ वर्षांपूर्वी निरनिराळ्या खेड्यांतील गुरुजींनी, एकमेकांना न विचारता, लिहिलेली ती एक तारीख आज राज्याच्या तिजोरीवर एकाच दिवशी उपदान आणि निवृत्तिवेतन यांचा भार टाकते. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत या घटकाचा उल्लेख नसतो.

न्यायालयेही या तारखेला मान देतात. मोटार अपघाताच्या नुकसानभरपाईच्या एका प्रकरणात २४ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, मृताचे वय ठरविताना आधारपत्रावरील तारखेपेक्षा शाळा सोडल्याच्या दाखल्यावरील तारीख ग्राह्य धरली. म्हणजे इतक्या यंत्रसामग्रीनंतरही अखेर विश्वास बसला तो गुरुजींच्या रजिस्टरावरच. आधारच्या नोंदणीत तरी निराळे काय घडले? ज्यांना केवळ आपले वयच सांगता आले अशा अनेकांच्या पत्रावर १ जानेवारी ही तारीख उमटली. गुरुजींची जागा यंत्राने घेतली, एवढाच काय तो फरक. अज्ञान भरून काढण्याची रीत तीच राहिली.

यंत्राची स्वतःची जन्मकथाही फारशी वेगळी नाही. बहुसंख्य संगणक आणि मोबाइल आपला काळ १ जानेवारी १९७० या दिवसापासून सेकंदांत मोजतात. त्या दिवशी जगात काही विशेष घडले होते म्हणून नव्हे. युनिक्स ही प्रणाली रचणाऱ्यांना मोजणीसाठी एक सोयीचा आरंभ हवा होता, म्हणून. एखाद्या यंत्राच्या स्मरणातील वेळ पुसली गेली, की ते भांबावून १ जानेवारी १९७० अशी तारीख दाखवू लागते. हा यंत्राचा १ जूनच म्हणायचा! ज्या जुन्या यंत्रांत ही मोजणी ३२ अंकस्थानांत बसविलेली आहे, त्यांची मोजणी १९ जानेवारी २०३८ रोजी, भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी संपेल आणि त्यानंतर ती यंत्रे १९०१ सालच्या डिसेंबरात जाऊन पडतील. कचेऱ्यांतून सर्रास वापरल्या जाणाऱ्या संगणकी हिशेबतक्त्यात तर २९ फेब्रुवारी १९०० ही कधीच न उजाडलेली तारीख आजही भेटते. १९०० हे लीप वर्ष नव्हते, पण एका जुन्या प्रणालीतील चूक नव्या प्रणालीने सोयीसाठी तशीच पुढे चालविली.

तात्पर्य, तारीख ही निसर्गात सापडणारी वस्तू नाही. सूर्य उगवतो, चंद्र वाढतो आणि घटतो, एवढेच निसर्गाचे. त्यांना आकडे देतात ती माणसे. ब्रिटनने १७५२ साली दिनदर्शिका बदलली तेव्हा २ सप्टेंबरनंतर एकदम १४ सप्टेंबर उजाडला. तेथील प्राप्तिकराचे वर्ष आजही ६ एप्रिलला सुरू होते त्याचे मूळ त्या गाळलेल्या अकरा दिवसांत आहे. आपले आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होते ते १८६७ पासून. तत्पूर्वी ते १ मे रोजी सुरू होत असे. स्वातंत्र्यानंतर मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने देशभरातील पंचांगांचा अभ्यास करून एक राष्ट्रीय दिनदर्शिका सुचविली आणि २२ मार्च १९५७ पासून, म्हणजे १ चैत्र शके १८७९ पासून, सरकारने ती स्वीकारली. शास्त्रीयदृष्ट्या ती निर्दोष आहे. राजपत्रावर ती छापली जाते. पण त्या दिनदर्शिकेप्रमाणे वाढदिवस करणारे एक तरी घर वाचकांनी पाहिले आहे काय? सरकारने तारीख दिली. तिला अर्थ देणे सरकारच्या हाती नव्हते.

स्मरणाची तारीख

हा अर्थ कोठून येतो? गेल्या काही वर्षांपासून मी पदवीच्या प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना एक लहानसे काम सांगतो: घरातील सर्वांत वयस्कर व्यक्तीला तिच्या जन्माची हकीकत विचारून या. वस्तुतः लोकसंख्येच्या आकडेवारीतील वयाची नोंद किती अविश्वसनीय असते, हे समजावून देण्यासाठी मी हा प्रयोग सुरू केला. उत्तरे मात्र आकडेवारीच्या पलीकडची आली. कोणाची आजी पानशेत फुटले त्या वर्षीची होती (१९६१), कोणाचे आजोबा कोयनेच्या भूकंपाच्या वेळी रांगत होते (१९६७), कोणाची मावशी बहात्तरच्या दुष्काळात, खडी फोडण्याच्या कामावर असताना, आईच्या पोटात होती. एका विद्यार्थ्याचे वडील किल्लारीच्या भूकंपाच्या वेळी शाळकरी पोर होते. ३० सप्टेंबर १९९३ ही तारीख त्यांना चटकन सांगता आली नाही, पण गणपती बुडवून लोक नुकतेच झोपले होते, हे ते क्षणात सांगून गेले.

ही माणसे अडाणी होती म्हणून त्यांना तारखा ठाऊक नव्हत्या, हे अर्धसत्य झाले. त्यांना आपला जन्म एकट्याने लक्षात ठेवण्याची गरजच नव्हती. तो गावाच्या आठवणीला बांधलेला होता. एका माणसाचा दिवस सर्वांच्या दिवसाशी जोडलेला असे. यातील गैरसोय उघड आहे. निवृत्तिवेतनाच्या अर्जावर 'पानशेतच्या वर्षी' असे लिहून चालत नाही, आणि वयाचा पुरावा नाही म्हणून हक्काच्या रकमेला मुकलेल्या विधवा आणि शेतमजूर यांची दुःखे ज्यांनी पाहिली आहेत ते त्या काळाचे गोडवे गाणार नाहीत. जन्ममृत्यूच्या नोंदणीचा कायदा १९६९ साली झाला. त्यातील दुरुस्तीनंतर, १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना जन्माचा दाखला हाच जन्मतारखेचा पुरावा झाला आहे. यापुढे कोणा गुरुजींना कोणाच्या डोक्यावरून हात नेऊन वय मोजावे लागणार नाही. एक जूनची माणसे हळूहळू संपतील, आणि ते संपणे ही प्रगतीच आहे.

माझी आई आज पंच्याहत्तरीच्या आसपास आहे. वडिलांचे कुटुंबनिवृत्तिवेतन तिला मिळते. पूर्वी नोव्हेंबर महिना आला की हयातीच्या दाखल्यासाठी वृद्धांना बँकेत आणि कोषागारात ताटकळावे लागे. १० नोव्हेंबर २०१४ रोजी 'जीवन प्रमाण' ही संगणकीय सोय सुरू झाली आणि पुढे तर मोबाइलसमोर चेहरा धरून घरबसल्या हा दाखला देता येऊ लागला. गेल्या नोव्हेंबरात आईने खुर्चीवर बसून, डोक्यावरचा पदर सारखा करून, त्या मोबाइलकडे पाहिले आणि आपण जिवंत असल्याची ग्वाही दिली. 'एवढ्यात झालंसुद्धा?' असे तिने विचारले. ज्या साधनाने वृद्ध बाईची दोन तासांची रांग वाचविली त्याला नावे ठेवण्याचा करंटेपणा मी करणार नाही.

परंतु त्याच खोलीत, स्वयंपाकघराच्या दारामागे, आईचे दुसरे साधन टांगलेले असते: खिळ्यावरचे 'कालनिर्णय'. १९७३ साली सुरू झालेल्या या दिनदर्शिकेने मराठी घरांत जे स्थान मिळविले त्याचे एक कारण मला असे वाटते की, तिच्यात तारीख, तिथी आणि रोजचा संसार यांना एकाच चौकोनात जागा होती. दुधाचे खाडे, गॅसची टाकी लावल्याचा दिवस, बहिणीच्या मुलाची मुंज, अमक्याचे वर्षश्राद्ध, सारे त्या चौकोनांत पेन्सिलीने लिहिलेले. डिसेंबरच्या अखेरीस आई जुनी आणि नवी दिनदर्शिका शेजारीशेजारी पसरून बसते आणि जपून ठेवायचे ते एका वर्षातून दुसऱ्या वर्षात उतरवून घेते.

हे काम मी लहानपणापासून पाहत आलो आहे. त्याचा अर्थ मात्र मला फार उशिरा उमगला. तारखेच्या नोंदी सरळ उतरतात. तिथीच्या नोंदींचे तसे नसते. तिथी साधारणपणे दर वर्षी अकरा दिवस अलीकडे येते, अधिक महिना येऊन गेला की एकोणीस दिवस पलीकडे जाते. ती शोधावी लागते. शोधताना त्या माणसाचे नाव ओठांवर येते. एखादे नाव उतरवताना हात थबकतो, एखादे नाव गळते, एखादे नव्याने येते. म्हणजे कोणाची आठवण पुढच्या वर्षात न्यायची याचा निर्णय आई दर वर्षी नव्याने घेते. मोबाइलमध्ये तारीख घालताना आपण 'दर वर्षी' या शब्दावर एकदाच बोट ठेवतो. पुढे आपण विसरलो काय, तो माणूस दुरावला काय, गेला काय, यंत्र पुन्हा विचारत नाही. एकदाच केलेली नोंद आणि दर वर्षी नव्याने केलेली आठवण यांतील हे अंतर आहे, आणि माझ्या मते सारा प्रश्न या अंतराचा आहे.

शुभेच्छेचे मोल

अर्थशास्त्राच्या परिभाषेत हेच निराळ्या रीतीने सांगता येईल. मायकेल स्पेन्स यांनी १९७३ साली संकेतांचा सिद्धान्त मांडला आणि २००१ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा राहिला. त्या सिद्धान्ताचे सार असे की, एखादा संकेत विश्वसनीय ठरतो तो त्यासाठी काही मोल मोजावे लागते म्हणून. जो संकेत कोणीही, काही न गमावता, देऊ शकतो त्यातून समोरच्याला काहीच कळत नाही.

वाढदिवसाची वा सणाची शुभेच्छा हा असाच एक संकेत आहे. दिवाळीच्या भेटपत्रासाठी दुकानात जावे लागे, पत्ता शोधावा लागे, तिकीट लावावे लागे. पुढे मोबाइलवरील लघुसंदेश आले. तरुण वाचकांना कदाचित ठाऊक नसेल, पण दिवाळी आणि नववर्ष यांसारख्या काही ठरावीक दिवशी कंपन्यांच्या स्वस्त संदेशांच्या सवलती लागू होत नसत. त्या दिवसांना 'ब्लॅकआउट डे' म्हणत. विशेष दिवसाला विशेष भाव होता. तेव्हा काटकसरी माणसे आदल्या रात्रीच शुभेच्छा पाठवून पैसे वाचवीत, आणि ज्यांना ऐन सणाच्या दिवशी संदेश येई त्यांना आपल्यासाठी कोणीतरी पूर्ण दर मोजला, हे कळत असे! कंपन्यांची ही वसुली अन्यायाची होती असे मलाही त्या वेळी वाटे. आज मात्र वाटते की त्या नफेखोरांना एक गोष्ट अचूक समजली होती: सर्व दिवस सारखे नसतात.

आज संदेशाचे मोल शून्यावर आले आहे. यंत्र आठवण करून देते, यंत्रच मजकूर सुचविते, आपण केवळ बोट टेकवायचे. परिणामी शुभेच्छांचा पुरवठा अपरंपार वाढला आणि प्रत्येक शुभेच्छेचा सीमांत उपयोग जवळजवळ नाहीसा झाला. ज्याला एकाच दिवशी दोनशे शुभेच्छा येतात तो सर्वांना मिळून एकच आभाराचा संदेश टाकतो. दोन्ही बाजूंनी हिशेब पुरा होतो. पण आज आपली आठवण नेमकी कोणाला आली, हे त्याला कळत नाही. घटत्या उपयोगितेचा सिद्धान्त शिकविण्यासाठी पूर्वी मी आंब्याचे उदाहरण घेत असे. हल्ली हे उदाहरण विद्यार्थ्यांना अधिक लवकर समजते.

वडिलांची जन्मतारीख

आता घरची गोष्ट. माझे वडील नाशिक जिल्ह्यातील एका खेड्यात जन्मले आणि सरकारी कचेरीत लिपिक म्हणून नोकरी करून ३१ मे २००७ रोजी वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाले. त्यांची जन्मतारीख, अर्थातच, १ जून १९४९. ती खरी नव्हे हे घरात सर्वांना ठाऊक होते. आजी सांगत असे, 'पोळ्याच्या दुसऱ्या दिशी झाला. बैलांच्या शिंगांचा हिंगूळबी वाळला नव्हता.' आम्ही ते ऐकून घेत असू. आजी निरक्षर होती. तिच्या सांगण्याला पुरावा काय? वडील हसून म्हणत, 'सरकारनं जे लिहिलं ते खरं.' निवृत्तीनंतर आम्ही त्यांना मोबाइल घेऊन दिला, एका समाजमाध्यमावर त्यांचे खाते उघडले आणि जन्मतारखेच्या रकान्यात मी स्वतः १ जून १९४९ असे भरले. मी अर्थशास्त्राचा पदव्युत्तर पदवीधर. पण त्या क्षणी मी केले ते गुरुजींनी केले तेच.

ऑक्टोबर २०२१ मध्ये वडील गेले. रुग्णालयाच्या कागदावर त्यांच्या मृत्यूची वेळ मिनिटांसह नोंदलेली आहे. ज्यांच्या जन्माचा महिनाही निश्चित नव्हता त्यांच्या मृत्यूची वेळ अशी काटेकोर! पुढच्या वर्षी १ जूनला त्यांच्या खात्यावर शुभेच्छा येऊ लागल्या. यंत्राने नेहमीप्रमाणे आठवण करून दिली होती. ज्यांना वडील गेल्याचे ठाऊक नव्हते अशा जुन्या ओळखीच्या माणसांनी 'आपणास उदंड आयुष्य लाभो' असे लिहिले होते. बोटाच्या सवयीने लिहिले होते. त्यांतील एकाने तर सात महिन्यांपूर्वी मला सांत्वनाचा दूरध्वनी केला होता. मला त्यांचा राग आला नाही. मला स्वतःचीच शरम वाटली. कारण त्या सकाळी माझ्याही मोबाइलने 'आज वडिलांचा वाढदिवस' असे दाखविले, आणि क्षणभर, केवळ क्षणभर, माझेही बोट शुभेच्छेकडे वळले होते.

पुढे मुलीच्या प्रवेशासाठी लागणाऱ्या एका प्रमाणपत्राकरिता मला गावच्या जुन्या नोंदी शोधाव्या लागल्या. तहसील कचेरीतील अभिलेख कक्षात, गाव नमुना १४ म्हणजे जन्ममृत्यूची जुनी नोंदवही उलगडत असता, एका पिवळ्या पानावर आजोबांचे नाव दिसले. पुढे 'मुलगा' एवढाच शब्द आणि तारीख होती ऑगस्ट १९४९ मधली. तिथेच बाकावर बसून मी मोबाइलमध्ये शके १८७१ चे पंचांग उघडले. श्रावणी अमावास्या, पोळा, आणि त्याच्या दुसऱ्या दिवसाची तीच तारीख. निरक्षर आजीने सांगितलेली खूण तंतोतंत खरी निघाली. हिंगूळ तेव्हा खरोखरच वाळला नसेल.

त्यानंतर माझ्यातील अर्थशास्त्रज्ञाने हिशेब केला. खऱ्या तारखेप्रमाणे वडील ३१ ऑगस्ट २००७ ला निवृत्त झाले असते. म्हणजे गुरुजींच्या १ जूनने त्यांचा तीन महिन्यांचा पगार बुडविला. परंतु हिशेबाला दुसरीही बाजू आहे. जून १९५५ मध्ये वडिलांना सहावे वर्ष पुरे व्हायला जवळजवळ तीन महिने कमी होते. गुरुजींनी खरी तारीख मागितली असती तर त्यांना वर्षभर थांबावे लागले असते. आणि त्या काळी खेड्यात वर्षभर थांबलेला मुलगा बहुधा गुरांमागे जाई आणि शाळेकडे परत फिरकत नसे. ती तारीख खोटी होती खरी; पण तिच्यामागे समोर उभ्या असलेल्या एका पोराकडे निरखून पाहिलेली दोन डोळी होती. आमच्या घराण्यातील पहिली सरकारी नोकरी, माझे शिक्षण, हा लेखही, त्या डोळ्यांचे देणे आहे. मी खात्यातील रकाना भरला तेव्हा मात्र कोणाकडेच पाहिले नव्हते. वडील शेजारच्या खुर्चीवर बसलेले होते, पंचांग खिशात होते, आजीची खूण ठाऊक होती. तीन गोष्टी एकत्र आणायला दोन मिनिटे लागली असती. त्यांच्या हयातीतील चौदा वर्षांत ती दोन मिनिटे मला सापडली नाहीत.

काय करावे?

यावर कोणी म्हणेल, मग मोबाइलमधील आठवणी पुसून टाकाव्यात काय? मुळीच नाही. विजेचे बिल, विम्याचा हप्ता, शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत, बाळाच्या लसीचा दिवस या हिशेबाच्या तारखा आहेत. त्या यंत्राने सांभाळाव्यात हेच उत्तम. तेथे विसरण्याची किंमत मोठी आणि आठवण्यातील पुण्य काही नाही. परंतु जन्म, मृत्यू, लग्न, पहिला पगार, घरातून निघून गेलेल्या भावाचा दिवस या स्मरणाच्या तारखा आहेत. त्या यंत्राकडे सोपविल्या की आठवण करून मिळते, पण आठवण येत नाही. मराठी भाषेने या दोन क्रियापदांत जो फरक ठेवला आहे तो आपण साधनांच्या वापरातही ठेवावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

हा काही मोठा त्याग नव्हे. वर्षातून पाच-सात दिवस असे निवडावेत की जे आपण स्वतःच्या हाताने नव्या दिनदर्शिकेवर उतरवून घेऊ. त्या दिवशी संदेश न पाठविता चार शब्द बोलावे, शक्य असेल तर जाऊन भेटावे. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना घरातील वृद्धांची जन्मकथा लिहून आणायला सांगावे. पानशेत, कोयना, बहात्तर आणि किल्लारी यांच्या आठवणी सांगणारी माणसे आता थोडी उरली आहेत आणि कोणत्याही यंत्राच्या साठ्यात त्या आपोआप जमा होणार नाहीत. यंत्र उत्तर देण्यास तत्पर आहे, हे मी अभिलेख कक्षातील त्या बाकावर अनुभवले. विचारायचे मात्र आपणच असते, आणि ज्याच्याविषयी विचारायचे तो माणूस असेपर्यंत.

गेल्या डिसेंबरात आई नेहमीप्रमाणे दोन दिनदर्शिका पसरून बसली होती. १ जूनच्या चौकोनात तिने या खेपेस काही लिहिले नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा चौकोन शोधून काढला आणि पेन्सिलीने बारीक अक्षरांत लिहिले, 'ह्यांचा जन्म.' खाली तिने गॅसची टाकी लावण्यासाठी थोडी जागा सोडली आहे.

येत्या १ जूनला वाचकांच्याही मोबाइलवर चार-दोन नावे झळकतील. त्या नावावर बोट टेकविण्यापूर्वी त्या माणसाला दूरध्वनी करावा आणि विचारावे, 'आपला खरा वाढदिवस केव्हा असतो?' बहुधा पलीकडून हसू ऐकू येईल. आणि मग एक हकीकत सुरू होईल, जी आजवर कोणी विचारली नव्हती.